नळाचं पाणीही झोंबतं तेव्हा: नाजूक त्वचेला नेमकं काय मानवत नाही, ते शोधायचं कसं

काही वर्षांपूर्वी ऐन मार्चमध्ये एका सकाळी मी तोंड धुतलं आणि चेहऱ्याची आग आग झाली. साबण नव्हता, फेसवॉश नव्हता, नुसतं नळाचं पाणी होतं. नाकपुड्यांच्या कडेला आणि गालांवर, जखमेवर मिठाचं पाणी पडावं तसं चरचरलं. आरशात बघितलं तर कातडी ताणलेली आणि मेणकापडासारखी चकाकत होती. तेव्हा माझ्या फळीवर सात बाटल्या होत्या. फेसवॉश, टोनर, व्हिटॅमिन सीचं सीरम, ग्लायकोलिक ॲसिड, रेटिनॉल, रात्रीचं क्रीम आणि सनस्क्रीन. एकही बनावट नव्हती, चार-पाचांवर तर ‘सौम्य’ असंही छापलेलं होतं. माझी त्वचाच मुळात वाईट, अशी समजूत करून घेऊन मी ती शांत करायला आठवी बाटली आणली. ती लावली त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढचे चार महिने मी जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. ‘मला काहीच मानवत नाही’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणींना मुळात दोन-तीनच गोष्टी मानवत नसतात. पण आठ बाटल्यांच्या गर्दीत त्या सापडत नाहीत, आणि तोवर सगळ्याच बाटल्या झोंबायला लागलेल्या असतात.

झोंबतं म्हणजे आत काय होतं

कातडीचा सर्वांत वरचा थर चेहऱ्यावर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. त्यात चपट्या, मेलेल्या पेशींचे पंधरा-वीस पदर एकावर एक रचलेले असतात आणि मधल्या फटी सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड या स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात. विटांची भिंत आणि मधला चुना, असं समजा. आतलं पाणी उडू न देणं आणि बाहेरचं आत येऊ न देणं हे या भिंतीचं काम. चुना धुऊन निघाला की दोन्ही बिघडतं. पाणी उडून गेल्यामुळे चेहरा तडतडतो, आणि क्रीममधले घटक एरवी पोचतात त्यापेक्षा खोल पोचतात.

खाली मज्जातंतूंची टोकं असतात. मिरची चिरलेला हात डोळ्याला लागला की त्या टोकांवरच्या ज्या ग्रहणकांमुळे, म्हणजे जाणीव टिपणाऱ्या रिसेप्टरांमुळे, आग होते, तेच ग्रहणक उष्णतेने आणि आम्लानेही चेतवले जातात. म्हणून भिंत विरलेली असताना ॲसिडचं सीरम मिरचीसारखं लागतं, आणि उन्हातून घरी आल्यावर तेच सीरम आणखी झोंबतं. पेपरमिंटचं क्रीम गार लागतं म्हणून ते शांत करतं असं पुष्कळांना वाटतं. मेंथॉलमुळे फक्त गारव्याची जाणीव होते. खाली दाह असेल तर तो तसाच राहतो.

निरोगी त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आम्ल असतो. भिंतीतला चुना तयार करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, याच आम्लात नीट चालतात. अंगाच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. धडधाकट त्वचा तो धक्का काही तासांत पचवते, दुखावलेलीला ते जड जातं.

आधी ओळखा: चिडलेली त्वचा, की ॲलर्जी?

दोन्हींना आपण ‘रिॲक्शन आली’ असंच म्हणतो. पण या वेगळ्या गोष्टी आहेत आणि पुढचं सगळं या फरकावर अवलंबून आहे.

पहिल्या प्रकारात घटकाने त्वचेला सरळ इजा केलेली असते. असे प्रकार ॲलर्जीपेक्षा बरेच जास्त दिसतात. पुरेशा तीव्रतेचं ॲसिड पुरेशा वेळा लावलं तर ते कोणाच्याही त्वचेला होईल. लावल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत आग होते, जिथे लावलं तिथेच होते, आणि प्रमाण कमी केलं की त्रासही कमी होतो. आग जास्त आणि खाज कमी, असा याचा ढंग असतो.

ॲलर्जीत शरीराच्या प्रतिकारशक्तीने एखादा घटक शत्रू म्हणून लक्षात ठेवलेला असतो. त्या घटकाशी पुन्हा गाठ पडली की एक ते तीन दिवसांनी पुरळ उठतं. त्यात खाज जास्त असते आणि ते लावलेल्या जागेच्या बाहेरही पसरतं. सोमवारी लावलेल्या क्रीमचं पुरळ बुधवारी आलं की आपण मंगळवारच्या क्रीमला दोष देतो. दुसरी फसगत अशी की ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तूचीही होते. ‘हे तर मी कॉलेजपासून लावते’ म्हणून एखादी बाटली संशयातून वगळू नका. आणि इथे प्रमाण कमी करून भागत नाही, तो घटक कायमचा सोडावा लागतो.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून ‘लाल झालंय का’ एवढंच बघत बसू नका. हात लावून बघा. ती जागा बाजूच्या त्वचेपेक्षा गरम लागते का, खरखरीत झाली आहे का, काळपट व्हायला लागली आहे का? आपल्याकडे दाह ओसरला तरी मागे काळे डाग राहतात आणि ते जायला महिने लागतात. डाग घालवायला आणखी तीव्र क्रीम, त्याने आणखी दाह, त्यातून आणखी डाग, अशा फेऱ्यात मी अडकले होते.

पहिली पायरी: फळी रिकामी करा

सगळं बंद करा. निम्मं नाही, सगळं. अपवाद एकच, आणि तो महत्त्वाचा आहे. तुम्ही चेहऱ्यावर काही आठवड्यांपेक्षा जास्त काळ स्टिरॉइडचं मलम लावत असाल, तर ते स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नका. त्याबद्दल पुढे लिहिते.

तीन ते चार आठवडे फक्त तीन वस्तू ठेवा. वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, म्हणून ही मुदत.

सकाळी नुसतं पाणी. रात्री साबणविरहित, बिनसुगंधी क्लेन्झर, तोही अर्ध्या मिनिटाच्या वर नाही. साबण घेताना आपल्याकडे टीएफएम बघण्याची पद्धत आहे, ७६ टक्के म्हणजे पहिल्या दर्जाचा. पण टीएफएम म्हणजे साबणातल्या स्निग्धांशाचं प्रमाण. तो कितीही असला तरी साबण अल्कधर्मीच राहतो. दुखऱ्या चेहऱ्याला सिंडेट बार, म्हणजे साबण नसलेली धुण्याची वडी, किंवा सौम्य लोशन बरं, ते ५.५ ते ७ पीएचच्या आसपासचं मिळतं.

पाणी कोमट घ्या. तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर क्लेन्झरचा अंश चेहऱ्यावर जास्त राहतो, तो त्वचेला चिडवतो. मी शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्यायला लागले आणि आठवड्याभरात मला फरक जाणवला. टॉवेलने खसाखसा पुसू नका, टिपून घ्या. चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा.

मॉइश्चरायझर शक्य तितक्या कमी घटकांचं हवं. ग्लिसरीन, पेट्रोलॅटम, सेरामाइड असलेलं चालेल. युरिया आणि लॅक्टिक ॲसिड एरवी चांगले, पण फाटलेल्या त्वचेवर झोंबतात, म्हणून या काळात नकोत. सगळंच झोंबत असेल तर रात्री साध्या, बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. खोबरेल तेल अंगाच्या कोरडेपणाला उत्तम आहे, पण मुरुमं येणाऱ्या चेहऱ्यावर मी ते सुचवणार नाही, त्याने छिद्रं बुजतात.

तिसरी वस्तू सनस्क्रीन. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं घ्या. हे कण बहुतेक वरच राहतात आणि क्वचितच झोंबतात. चेहऱ्यावर पांढुरकी छटा दिसते, ती महिनाभर सोसा.

पहिल्या आठवड्यात चेहरा कोरडा आणि निस्तेज दिसेल, हात सीरमकडे जाईल. माझा दोनदा गेला आणि दोन्ही वेळा मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावी लागली.

दुसरी पायरी: जुन्या बाटल्या उलट्या करून वाचा

फेकू नका. सगळ्या एका पिशवीत भरा आणि एका संध्याकाळी वही घेऊन बसा. घटकांची यादी साधारणपणे जास्त प्रमाणाकडून कमीकडे जाते, शेवटचे एक टक्क्याच्या आतले घटक कोणत्याही क्रमाने येतात. समोरच्या बाजूला लिहिलेल्या ‘हायपोॲलर्जेनिक’ आणि ‘डर्मेटॉलॉजिस्टने तपासलेलं’ या शब्दांवर विसंबू नका. त्यामागे कायद्याने ठरवलेली अशी कोणतीही कसोटी नाही.

माझ्या अनुभवात सर्वांत आधी धरायचा संशयित म्हणजे सुगंध. यादीत ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ हा एकच शब्द असतो, पण त्याच्या पोटात डझनावारी रसायनं असू शकतात. युरोपीय संघाने २००५ पासून ॲलर्जी आणणाऱ्या २६ सुगंधी घटकांची नावं वेगळी छापायला लावली आणि २०२३ मध्ये ती यादी ८० च्या वर नेली. त्यातली लिनॅलूल आणि लिमोनीन ही दोन नावं तुम्हाला जागोजाग दिसतील. लॅव्हेंडरच्या वासात लिनॅलूल असतं, संत्र्या-लिंबाच्या सालीत लिमोनीन. ताजी असताना ही दोन्ही बरीच सौम्य असतात. बाटली उघडली, हवा लागली, की त्यांचं ऑक्सिडेशन होतं, आणि तेव्हा जे तयार होतं त्याची ॲलर्जी होण्याची शक्यता खूप वाढते. सहा महिने छान मानवलेलं क्रीम अर्ध्या बाटलीनंतर त्रास द्यायला लागतं, त्यामागे कधीकधी एवढंच असतं. ‘नैसर्गिक’ इसेन्शियल ऑइलही यात आलं, टी ट्री तेलसुद्धा. आणि ‘अनसेंटेड’ म्हणजे सुगंध नसलेलं असं गृहीत धरू नका. मूळ वास झाकायला घातलेला सुगंध त्यात असू शकतो. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ हा शब्द शोधा आणि तरीही मागची यादी वाचा.

दुसरा संशयित परिरक्षक, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह. इथे मला मनापासून एक गैरसमज दूर करायचा आहे. पॅराबेनविषयी इतकी भीती पसरली की ‘पॅराबेन-मुक्त’ हे विकण्याचं वाक्य झालं. पण ॲलर्जीच्या बाबतीत पॅराबेन फार सौम्य आहेत. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाह तज्ज्ञांची संघटना दरवर्षी एक ‘ॲलर्जेन ऑफ द इयर’ जाहीर करते. २०१९ मध्ये त्यांनी पॅराबेनना मुद्दाम ‘नॉन-ॲलर्जेन’ म्हणून निवडलं. त्याच संघटनेने २०१३ मध्ये निवडलेलं नाव होतं मिथाइलआयसोथायाझोलिनोन. युरोपात त्याची ॲलर्जी इतकी वाढली की २०१७ पासून लावून ठेवायच्या सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी आली. हे नाव लांबलचक आहे, पण वहीत उतरवून घ्या, आणि शाम्पू, हँडवॉश, ओले वाइप्स यांच्या मागेही शोधा. शाम्पूचा ओघळ चेहऱ्यावरून आणि मानेवरून जातो, हे आपण विसरतो.

तिसरी टोळी ॲसिड आणि रेटिनॉल यांची. यातला प्रत्येक घटक गुणाचा आहे, त्रास होतो तो एकत्र लावल्याने. ग्लायकोलिक ॲसिडचा रेणू फळांपासून मिळणाऱ्या ॲसिडांत सर्वांत लहान, म्हणून तो झपाट्याने आत जातो. घरी वापरायच्या उत्पादनात ते १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ च्या खाली नको, असा अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधन तज्ज्ञ-समितीचा निष्कर्ष आहे. शुद्ध व्हिटॅमिन सीचं सीरम तर टिकून राहण्यासाठीच ३.५ च्या खालच्या पीएचला ठेवतात. सकाळी ते, संध्याकाळी ग्लायकोलिक, रात्री रेटिनॉल असा क्रम मी ठेवला होता. भिंत बांधायला वेळच मिळत नव्हता.

घरगुती उपायांबद्दल थोडंच. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास, खायच्या सोड्याचा ८ च्या वर. दोन्ही चेहऱ्यासाठी नाहीत. लिंबू लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे ओघळही उमटू शकतात. दिवाळीचं उटणं वर्षातून चार दिवस अंगाला लावणं वेगळं, आणि दुखऱ्या चेहऱ्यावर ते रोज घासणं वेगळं.

टिकली मात्र विसरू नका. माझी मावशी गेली कित्येक वर्षं टिकली दोन भुवयांच्या मधोमध न लावता थोडी वर लावायची. मी एकदा जवळून बघितलं तेव्हा कळलं, जुन्या जागी टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग होता आणि तो झाकायला ती मोठी टिकली वापरत होती. टिकलीच्या चिकट बाजूला पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल हा पदार्थ असू शकतो. तो काही जणींच्या त्वचेतल्या रंग तयार करणाऱ्या पेशींनाच मारतो. तिथे खाज किंवा फिकटपणा जाणवला की चिकट टिकली त्याच दिवशी बंद करायची. कुंकवातल्या रंगांचीही ॲलर्जी होते, त्यामुळे टिकलीऐवजी कुंकू लावलं म्हणजे सुटलो असं नाही.

आणि ती ‘ट्यूब’

मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली, लावल्यावर आठवड्यात चेहरा उजळवणारी ट्यूब. तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन असं लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली.

हे मलम महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमं येतात, केस वाढतात. थांबवलं की दोन-चार दिवसांत चेहरा पेटतो, मग माणूस घाबरून पुन्हा लावतो. अशा चेहऱ्याला दुसरं काहीही मानवत नाही आणि त्याला ‘सेन्सिटिव्ह स्किन’ म्हटलं जातं. तुमचं असं असेल तर बाकीच्या पायऱ्या बाजूला ठेवा आणि आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. हे मलम टप्प्याटप्प्याने आणि आधार देत सोडवावं लागतं.

तिसरी पायरी: कोपरापाशी चाचणी

तीन-चार आठवड्यांनी नळाचं पाणी झोंबेनासं झालं आणि मॉइश्चरायझर निमूट मुरायला लागलं, की पिशवीतली एकच वस्तू काढा. दुकानात मनगटावर एकदा लावून बघण्याला अर्थ नाही, ॲलर्जी दिसायलाच दिवस लागतात.

कोपराच्या आतल्या बाजूला, घडीच्या जरा खाली, रुपयाच्या नाण्याएवढं वर्तुळ बॉलपेनने आखा. तिथे ती वस्तू सकाळ-संध्याकाळ, सलग सात दिवस लावा. संशय दाट असेल तर चौदा. धुऊ नका, वरून दुसरं काही लावू नका. डाव्या हाताला चाचणी आणि उजव्या हाताच्या त्याच जागी काहीही नाही, असं ठेवलं की तुलना सोपी होते. रोज रात्री वहीत एक ओळ लिहा. माझ्या वहीतली चौथ्या दिवसाची ओळ अशी आहे: ‘वर्तुळात बारीक दाणे, बोटाला जाणवतात, दिसत नाहीत. खाज रात्री.’ पाचव्या दिवशी ते दिसायला लागले. ते रात्रीचं क्रीम होतं, आठांतलं सर्वांत महागडं.

फेसवॉश किंवा शाम्पू असा लावून ठेवायचा नसतो, त्याने कोणाचीही त्वचा चिडेल. तो ओल्या हातावर मिनिटभर चोळून धुवा. ॲसिड आणि रेटिनॉल हाताला मानवले तरी चेहऱ्याला मानवतीलच असं नाही, म्हणून हाताची चाचणी झाल्यावर जबड्याच्या कडेला, कानाजवळ, आणखी चार-पाच दिवस लावून बघा. केसांच्या रंगाची चाचणी मात्र पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे ४८ तासांची करा. पूर्वी कधी काळ्या मेंदीने हात सुजला असेल तर ती चाचणीही घरी करू नका. तिच्यात बहुतेकदा पीपीडी (पॅरा-फिनायलीनडायअमीन) हे रंगाचं रसायन असतं, केसांच्या रंगातही बहुतेकदा तेच असतं.

चौथी पायरी: एकेक करून परत घ्या

दोन नव्या वस्तूंमध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या. रेटिनॉल आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढं, पूर्ण सुकलेल्या चेहऱ्यावर आणि मॉइश्चरायझरच्या वरून. नाकपुड्यांच्या आणि ओठांच्या कडा व पापण्या सोडून द्या. ज्या रात्री रेटिनॉल त्या रात्री ॲसिड नाही. थोडी चुरचूर होऊन पाच मिनिटांत थांबली तर चालेल. ती दुसऱ्या सकाळपर्यंत राहिली, किंवा साधं मॉइश्चरायझरही पुन्हा झोंबायला लागलं, तर मागे या.

पापण्यांवरच वारंवार पुरळ येत असेल तर डोळ्यांच्या क्रीमबरोबर नेलपॉलिशचाही विचार करा. पापणीची कातडी फार पातळ असते आणि दिवसभरात आपण नखं किती वेळा तिथे नेतो ते मोजलं तर आश्चर्य वाटेल.

डॉक्टरांकडे कधी

चेहरा, ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला तर वाट न बघता दवाखाना गाठा. पाणी सुटणारे फोड, सुजलेल्या पापण्या, नवे पांढरे डाग, किंवा फळी रिकामी करूनही तीन-चार आठवड्यांत न शमलेली आग असेल तर त्वचारोगतज्ज्ञ. रोझेशिया, सेबोरिक डर्मटायटिस असे त्वचारोग, कधी गजकर्णसुद्धा ‘क्रीम मानवत नाही’ या वेषात येतं.

त्यांना पॅच टेस्टबद्दल विचारा. पाठीवर वेगवेगळ्या घटकांचे छोटे कप्पे चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, तेव्हा एकदा आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी वाचतात. भारतीय रुग्णांसाठी ठरवलेला घटकांचा संच उपलब्ध आहे. त्या दिवसांत पाठ भिजवता येत नाही, घामही नको, त्यामुळे मे महिन्यात वेळ घेऊ नका. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. आणि ती पिशवी बरोबर न्या, पुठ्ठ्याच्या खोक्यांसकट, कारण पुष्कळदा घटकांची यादी खोक्यावरच असते. माझ्या डॉक्टरांनी आठही बाटल्या टेबलावर मांडून घेतल्या. माझ्या पाठीवर सुगंधाच्या मिश्रणाचा कप्पा लाल झाला होता, आणि आठांपैकी पाच बाटल्यांत सुगंध निघाला. उरलेल्या तीन मी आजही वापरते. ग्लायकोलिक ॲसिड त्यांत आहे, आठवड्यातून एकदाच.